बाबांची हिशेबाची वही अन् माझं यूपीआय: वीस रुपयांच्या आतला आनंद कुठं मिळतो नागपुरात?

हिशेबाची_वही | १० जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

संक्रांतीच्या आधी आई दरवर्षी घराची आवराआवर काढते. या वेळी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली घेतली तर त्यात बाबांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. बाबा प्रेसमध्ये कामाला होते. रोज रात्री जेवण झालं की पाच मिनिटं वही घेऊन बसायचे हे मी लहानपणापासून पाहिलेलं, पण आत काय लिहितात ते कधी उघडून पाहिलंच नव्हतं. १९९४ ची वही उघडली. दूध, रॉकेल, दळण, कॉटन मार्केटची भाजी, आमच्या शाळेची फी. अन् मधेमधे अशा ओळी: 'फल्ली, गांधीसागर, २ रु.' (म्हणजे तलावाकाठी भुईमुगाच्या शेंगा) 'बोरं, पोट्ट्यांना, १ रु.' 'पतंग ३ अन् सद्दी, ४ रु.' (सद्दी म्हणजे पतंगाचा साधा सुती दोरा) 'भा. सा. २ रु.' ही शेवटची काय आहे ते काही कळलं नाही, पण जवळजवळ दर रविवारी आहे.

मनात काहीतरी टोचलं म्हणून मग मी माझं डिसेंबरचं यूपीआय स्टेटमेंट काढलं अन् त्यातले फक्त मजेसाठी गेलेले पैसे बाजूला काढले. अकरा हजार चारशे. दोन पिक्चर, मॉलमधला गेम झोन, सहा वेळा बाहेरून मागवलेलं जेवण, असंच सगळं. एकेका एन्ट्रीपुढं बसून आठवून पाहिलं की त्या दिवशी काय झालं होतं, कोण काय बोललं होतं. दोनच आठवल्या. अन् बाबांना तीस वर्षांपूर्वीची 'बोरं १ रु.' वाचून दाखवली तर त्या बोरवाल्या बाईची टोपली शाळेच्या कोणत्या फाटकाशी असायची इथपासून त्यांनी सांगायला घेतलं, अर्धा तास.

आमचं हातावर पोट नाही, खोटं कशाला बोलू. पण बायकोनं मागच्या वर्षी नोकरी सोडली, घराचा हप्ता आहे, त्यामुळे हे अकरा हजार आता दिसायला लागले. अन् पैशाहून जास्त लागलं ते पोरीचं. आठ वर्षांची आहे. रविवार उजाडला की 'कुठं जायचं?' आणि कुठं म्हणजे काहीतरी विकत घ्यायची जागा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. आम्हीच बसवलं.

म्हणून विचारून राहिलो. वीस रुपयांच्या आत किंवा फुकट, असं तुमचं काय आहे जे उद्या काढून घेतलं तर खरंच चुकल्यासारखं वाटेल? 'कृतज्ञ राहा, उगवता सूर्य पाहा' असलं नको, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं. जागा सांगा, वेळ सांगा, सोबत कोण असतं ते सांगा.

---

सकाळचा_पोहा | ११ जानेवारी, सकाळी ७:०५

भाऊ तुमची पोस्ट ठेल्यावर उभ्या उभ्याच वाचली, म्हणून इथूनच लिहितो.

आमचं तर्री पोहे. वीसच्या थोडं वर जातं आता काही ठेल्यांवर, पण आमच्या ठेल्यावर अजून वीसच आहे. पुण्या-मुंबईचे लोक पोह्यावर रस्सा ऐकून तोंड वाकडं करतात, त्यांनी एकदा जानेवारीच्या थंडीत सकाळी साडेसहाला नागपुरात उभं राहून खाऊन पाहावं. गरम पोहे, वर काळ्या हरभऱ्याची लालभडक तर्री, कच्चा कांदा, सांभार, थोडा चिवडा, लिंबाची फोड. पहिल्या घासाला नाक वाहायला लागलं पाहिजे, नाही तर तर्रीत दम नाही. (बाहेरच्यांसाठी: सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.)

पण मी जे सांगून राहिलो ते पोह्याचं नाही. आम्ही चार जण आहोत, शाळेपासूनचे. एक रेल्वेत, एक दुकानात, एक शिक्षक, अन् मी. बावीस वर्षं झाली असतील, दर रविवारी सकाळी हाच ठेला. फोन करायचा नाही, विचारायचं नाही, ज्याला जमलं तो येतो. मागच्या वर्षी माझी आई गेली. तेराव्यानंतरच्या रविवारी मी काही जायचं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप गेले, तिघंही उभे होते अन् ठेलेवाल्यानं न विचारता चौथी प्लेट भरली. कोणी काही बोललं नाही बे. एकानं फक्त त्याच्या प्लेटमधलं लिंबू माझ्या पोह्यावर पिळलं कारण त्याला माहीत आहे मला दोन लागतात.

आता यासाठी काय बिल लावणार. पोरीला घेऊन या एकदा, तिच्यासाठी कमी तर्रीची प्लेट सांगतो.

---

महाल_माहेर | ११ जानेवारी, दुपारी ३:२०

वही टाकू नका हो, आधी ते सांगते. आमच्या सासऱ्यांच्या वह्या आम्ही रद्दीत दिल्या, अजून हळहळ वाटते.

माझं उत्तर अगदी याच दिवसांतलं आहे. तुरीच्या शेंगा! डिसेंबर-जानेवारीत हिरव्या शेंगांचे ढीग लागतात बाजारात, आमच्या महाल भागात गाडीवर सुद्धा येतात. मी संध्याकाळी किलोभर आणते. निम्म्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मीठ घालून उकडायच्या, सालासकट, अन् निम्म्या सोलायच्या. उकडलेल्या शेंगांचा वास सगळ्या घरात फिरतो, थोडा मातीचा, थोडा गोडसर. मग गंज मधे ठेवायचा अन् सगळ्यांनी भोवती बसायचं. शेंग दाताखाली धरून ओढायची, दाणे तोंडात, साल ताटलीत. यात गंमत अशी आहे की दोन्ही हात ओले अन् खारट होतात, त्यामुळे मोबाईलला कोणी हात लावू शकत नाही. मी काही ठरवून केलेलं नाही हे, पण माझा मुलगा, जो एरवी हो-नाहीच्या पुढं बोलत नाही, तो शेंगा सोलताना तासभर बोलतो. त्याला कंपनीत काय त्रास आहे ते मला तुरीच्या शेंगांमुळे कळलं, खरं सांगते.

अन् सोललेले दाणे म्हणजे सोले, त्यांचा दुसऱ्या दिवशी सोलेभात. वांग्याच्या दोन फोडी टाकायच्या, गोडा मसाला नाही टाकायचा, चव मरते. आमच्या सासूबाई सोले तव्यावर थोडे भाजून पाट्यावर भरडायच्या अन् त्याची आमटी करायच्या, तशी मला आजपर्यंत जमली नाही. सालं गाईला जातात. म्हणजे बघा, किलोभर शेंगांत एक संध्याकाळ, एक दुपार अन् गाईचं पोट.

दुसरं संत्रं. नागपूरकर असून आपण संत्री डझनानं आणून फ्रिजमध्ये टाकतो अन् उभ्या उभ्या खातो, हे मला पटत नाही. संत्रं उन्हात बसून खायची गोष्ट आहे. दुपारी बारा-साडेबाराला गच्चीवर सतरंजी टाकायची, पाठ उन्हाकडे करायची. आपल्या संत्र्याचं साल सुटं असतं, नखानं एक चीर दिली की अख्खं फुलासारखं उघडतं, ते सोलायला सुरी लागते म्हणणाऱ्याला संत्रं ठाऊकच नाही. आत्ता आंबिया बहाराची शेवटची येऊन राहिलीत, मग फेब्रुवारी-मार्चात मृगाची येतील, ती थोडी वेगळी लागतात. दोन्हीतला फरक तुमच्या पोरीला ओळखता आला पाहिजे, नागपुरात वाढून राहिली ना ती. दिसायला थोडी डागाळलेली संत्री गाडीवाला स्वस्त लावतो, आतून तितकीच गोड असतात. सालं वाळवून ठेवा, आंघोळीच्या पाण्यात टाका.

---

रात्रपाळी | १२ जानेवारी, रात्री १:१५

ताई आणि भाऊ, सगळं वाचलं, छान वाटलं, पण मला थोडं वेगळं बोलायचं आहे, राग मानू नका.

मी डिलिव्हरीचं काम करतो. त्याआधी एका शोरूममध्ये होतो, ते बंद पडलं तेव्हा चार महिने घरी बसलो. त्या चार महिन्यांत माझ्याकडे वीसच रुपये असायचे अन् ते वीस कशावर घालायचे हा प्रश्न असायचा. लोक सांगतात फुटाळ्यावर जाऊन सूर्यास्त पाहा, फुकट आहे. मी जायचो ना. रोज जायचो, कारण घरी बायकोसमोर बसवत नव्हतं. समोर तो लाल सूर्य पाण्यात उतरायचा अन् मला एक तारखेचं भाडं दिसायचं. तेव्हा कोणी मला म्हटलं असतं की आनंद साध्या गोष्टींत असतो तर मी उठून गेलो असतो. म्हणून एवढंच सांगतो, खिशात पैसे असताना स्वस्तातली मजा निवडणं आणि दुसरं काही नसताना तीच मिळणं, या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका. आता काम आहे, तर तोच फुटाळा आवडायला लागला. तलाव तोच आहे.

हे बोललो कारण मनात होतं. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मे महिन्यात दुपारी मी रस्त्यावर असतो. ४५ च्या वर पारा जातो तेव्हा हँडल सुद्धा हाताला चटका देतं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आई देतेच. त्या दिवसांत माझा सगळ्यात मोठा आनंद म्हणजे पाणपोई. धंतोलीतल्या एका गल्लीत एक आजी कडुनिंबाखाली रांजण ठेवतात, भोवती ओलं पोतं गुंडाळलेलं, आत वाळ्याची जुडी. त्या पाण्याचा पहिला घोट घशातून खाली जातो तो पोटापर्यंत कळतो. फ्रिजची बाटली दात दुखवते, हे पाणी तसं करत नाही. मी एकदा एका सायन्सच्या मास्तरांना विचारलं होतं की इतक्या उन्हात हे थंड राहतं कसं, ते म्हणाले मातीतून पाणी पाझरतं, हवेत उडतं, अन् उडताना आतली ऊब सोबत घेऊन जातं. आपल्याकडे मे मध्ये हवा कोरडी ठाक असते म्हणून झपाट्यानं उडतं अन् पाणी जास्त गार होतं. आपला कूलर पण त्याच तत्त्वावर. म्हणूनच तो मुंबईत चालत नाही, अन् आपल्याकडे सुद्धा पाऊस पडला की नुसती चिकचिक.

तर मागच्या उन्हाळ्यात एक दिवस रांजण कोरडा दिसला. बेल वाजवली, आजी म्हणाल्या गुडघे गेले, नळापासून बादली उचलवत नाही. त्या दिवसापासून सकाळी दहाला पहिल्या ऑर्डरच्या आधी मी भरून जायचो. चार बादल्या, दहा मिनिटं. दुपारी तिकडून गेलो की कोणी ना कोणी पिताना दिसायचं, रिक्षावाला, शाळेतली पोरं, माझ्यासारखेच पाठीवर बॅगवाले. त्यांना काही माहीत नाही. पण मला गाडी हळू करून बघायला आवडायचं. यंदा मार्चपासून पुन्हा भरणार आहे, आजींना सांगून ठेवलंय.

---

हिशेबाची_वही | १२ जानेवारी, सकाळी ८:३०

@रात्रपाळी, भाऊ राग कसला. तुमचं बोलणं रात्री वाचलं अन् झोप लागली नाही. मी प्रश्न विचारताना हा विचार केलाच नव्हता. बाबांच्या वहीत पण मग मी नीट पाहिलं, जून महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत, एक सुद्धा 'फल्ली' नाही. पूर्ण महिना. वह्या-पुस्तकं, गणवेश, छत्री, बस. त्या जूनमध्ये ते गांधीसागरला गेले असतील का, आणि गेले तर रिकाम्या हातानं बसले असतील का, तेच डोक्यात फिरून राहिलंय.

उन्हाळ्यात चार बादल्यांतल्या दोन मला द्या. माझं ऑफिस तिकडूनच आहे.

---

अभ्यासिकेतला | १२ जानेवारी, रात्री १०:१०

मी मूळचा गडचिरोली जिल्ह्यातला, तीन वर्षांपासून नागपुरात एमपीएससीचा अभ्यास करून राहिलो. मेस, रूमचं भाडं अन् अभ्यासिकेची फी गेली की महिन्याला हातात काय उरतं ते विचारू नका. त्यामुळे फुकटचं नागपूर मला पाठ झालंय, काही जागा सांगतो.

झिरो माइलचा दगड. सगळे गाडीवरून जाताना बघतात, जवळ जाऊन वाचत कोणी नाही. चार घोडे आहेत तिथंच तो सहा बाजूंचा खांब आहे, त्यावर जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवनी, बैतूल अशी गावं अन् मैलात अंतरं कोरलेली आहेत, अन् समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. इतकी नेमकी, दशांशाच्या पुढं तीन आकडे! इंग्रजांनी सर्व्हेसाठी तो बसवला. मला त्या आकड्याचं फार वाटतं, कोणीतरी उन्हातान्हात समुद्रापासून इथपर्यंत पट्टी लावत लावत मोजत आला असेल ना. चांदा म्हणजे चंद्रपूर, आमच्याकडचं, त्याच्यावर हात फिरवला की घरी फोन करावासा वाटतो.

अजब बंगला. १८६३ पासूनचं म्युझियम आहे, तिकीट अगदी किरकोळ, सोमवारी बंद असतो. आत दुपारी कोणी नसतं अन् जाड भिंतींमुळे गार असतं. शिलालेख, जुनी हत्यारं, गोंडांच्या वस्तू, पेंढा भरलेली जनावरं. आठ वर्षांच्या पोरीला एका दिवसात सगळं दाखवू नका, एकच दालन दाखवा, बाकीचं पुढच्या वेळी. मी तसंच करतो, एका वेळी एक खोली.

संध्याकाळी दीक्षाभूमी. अभ्यास डोक्यावरून जायला लागला की मी तिथं जाऊन बोधिवृक्षाच्या बाजूला बसतो. श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांपासून वाढलेलं झाड आहे ते. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमचे आजोबा पायी चालत नागपूरला आले होते. बारा दिवस लागले होते म्हणायचे. मी बसून काही वेगळं करत नाही, पाऊण तास बसतो अन् उठतो. विजयादशमीच्या गर्दीत तिथं पुस्तकांचे जे स्टॉल लागतात त्यावर दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका मिळतात, दरवर्षी पाच घेतो, वर्षभर पुरवतो. आईला लिहिता वाचता येत नाही, तर फोनवर मी तिला रोज दोन पानं वाचून दाखवतो. रात्री नऊला. तुम्ही विचारलं ना काढून घेतलं तर काय चुकेल, ते हे. परीक्षा पास झालो तरी ही दोन पानं चालू ठेवणार आहे.

अन् एक, २६ जानेवारी येऊन राहिली. बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो म्हणून एरवी बंद, पण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. इथंच नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची अन् इंग्रजांची लढाई झाली. वरून अख्खं शहर दिसतं. फुकट आहे. सकाळी लवकर जा, नंतर रांग वाढते.

---

सकाळचा_पोहा | १३ जानेवारी, सकाळी ९:४५

गडचिरोलीवाल्या भाऊ, रविवारी या ठेल्यावर. पाचवी प्लेट आपली.

उद्या संक्रांत, म्हणून सगळ्यांना एक विनंती. पतंग पाच-दहा रुपयांना येतो, त्यात दिवसभराची मजा आहे, इतवारीत आज पाय ठेवायला जागा नाही. पण नायलॉन मांजा घेऊ नका. २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी लपूनछपून विकतात. आमच्या चौकातल्या एका पोट्ट्याचा गळा कापता कापता वाचला, पक्ष्यांचं तर विचारूच नका. साधी सद्दी घ्या. सद्दीनं काटला की 'ओ काट' ओरडायला जे येतं ना, ते वेगळंच. त्यात हाताचं काम असतं.

---

महाल_माहेर | १३ जानेवारी, दुपारी २:०५

@रात्रपाळी, दादा तुमचं वाचून मी दुपारभर विचार करून राहिले. तुम्ही बरोबर बोललात. आमच्याकडे सुद्धा असे दिवस होते, यांचा पगार सहा महिने थकला होता तेव्हा, अन् तेव्हा तुरीच्या शेंगा आम्ही आवडीनं नाही, भाजीला पैसे नाहीत म्हणून खायचो. आज लिहिताना ते मी गाळलं. सासूबाई भरडलेल्या सोल्यांची आमटी करायच्या ती सुद्धा त्याच वर्षांतली, थोड्या दाण्यांत सात माणसांना पुरावी म्हणून. आता चवीसाठी आठवते. तेव्हा त्यांना ती कशी लागत असेल, मी कधी विचारलं नाही.

उद्या तीळगूळ करते आहे. महालात कधी ऑर्डर घेऊन आलात तर इथं मेसेज टाका, चौकात येऊन देईन.

---

हिशेबाची_वही | १८ जानेवारी, रात्री १०:५०

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, 'भा. सा.' कळलं. बाबांनाच विचारलं. भाड्याची सायकल! रेशीमबाग मैदानाजवळ तेव्हा तासाच्या भाड्यानं छोट्या सायकली मिळायच्या, तासाला दोन रुपये, अन् दर रविवारी ते मला शिकवायला न्यायचे. मी सायकल शिकलो हे आठवतं, पडलो ते आठवतं, गुडघ्याचा व्रण अजून आहे, पण भाड्याची होती हे साफ विसरलो होतो. मी म्हटलं बाबा, इतके रविवार? मी तर दोन महिन्यांत शिकलो असेन. तर ते थोडे थांबले अन् म्हणाले, हो, तू मार्चमध्येच शिकला होतास. मग पुढं? मग म्हणाले, त्याच वर्षी आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी माझी सायकल विकली होती. तू शिकल्यावर मी छोटी सोडून मोठी सायकल घ्यायला लागलो. तासातला पाऊण तास तू चालवायचास, नळीखालून पाय घालून, अन् शेवटची पंधरा मिनिटं तुला मागे बसवून मी मैदानाला चकरा मारायचो.

मला मागच्या कॅरिअरवरून त्यांचा घामानं ओला झालेला शर्ट दिसायचा ते आठवलं. मी समजून होतो की मला फिरवून राहिले.

दुसरी, काल रविवारी पोरगी उठल्या उठल्या 'कुठं जायचं' म्हणाली तर मी म्हटलं मेट्रोनं. प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उतरायचं कशाला, काही नाही, नुसतं जायचं अन् यायचं. ती आधी खट्टू झाली. पण अंबाझरीजवळ गाडी आली अन् खिडकीतून अख्खा तलाव दिसला, पाण्यावर काळे ठिपके बसलेले, ते पक्षी आहेत हे कळल्यावर येताना तिला दुसऱ्या बाजूची सीट पाहिजे होती. घरी येऊन आईला सांगताना 'आम्ही काही घेतलं नाही' असं म्हणाली, पण तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून. बाकी सायकल मेट्रोत नेता येते हे मला त्या दिवशी एका मुलाकडे पाहून कळलं. बाबांसाठी सायकल घ्यावी का, सत्तरी पार आहे, गुडघे ठीक आहेत, सेकंडहँड कुठं चांगली मिळेल कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

रात्रपाळी | १९ जानेवारी, रात्री १२:४०

माझी पडून आहे भाऊ. शोरूमच्या दिवसांतली, जुनी पण मजबूत, चोवीस इंची. गाडी घेतल्यापासून चालवली नाही. ट्यूब बदलावी लागेल, ब्रेकची रबरं नवीन टाका. पैसे नकोत. काका चालवतील तर मला बरं वाटेल.

ताई, तीळगूळ मिळाला, दोन्ही पोरांनी रात्रीच संपवला.

---

हिशेबाची_वही | २६ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

किल्ल्यावर जाऊन आलो. मी, बाबा, पोरगी. पहाटेच निघालो तरी रांग होती, पण सरकत होती. चढावर बाबा तीनदा बसले. वर गेल्यावर पोरीला आमचं घर शोधायचं होतं, ते काही सापडलं नाही, पण तिची शाळा कुठल्या बाजूला ते बाबांनी बरोबर दाखवलं. १८१७ ची गोष्ट मी @अभ्यासिकेतला यांची वाचून गेलो होतो, तीच तिला सांगितली, तिनं विचारलं आपण हरलो का, मी म्हटलं हो. त्यानंतर बराच वेळ ती गप्प होती.

सायकल परवा आणली. बाबांनी काल अंगणात उभी करून तासभर नुसती पुसली. चालवायचं रविवारी, रेशीमबागेला.

अन् त्या १९९४ च्या वहीची शेवटची वीस-बावीस पानं कोरी होती. पोरीनं बाबांकडून मागून घेतली अन् आज तिनं पहिली ओळ लिहिली. जशीच्या तशी देतो:

'२६ जाने. किल्ला ० रु. उकडलेल्या शेंगा २० रु. आबा ३ वेळा बसले.'

---

महाल_माहेर | २६ जानेवारी, रात्री ८:००

वीस रुपयांच्या किती दिल्या शेंगा? आमच्याकडे उकडलेल्या वीसच्या म्हणजे मूठभर.

---

हिशेबाची_वही | २६ जानेवारी, रात्री ८:२०

बर्डीच्या मेन रोडवर एक बाई गंज घेऊन बसल्या होत्या ताई, कागदाचा मोठा पुडा भरून दिला. तिघांना पुरल्या, घरी पण आल्या थोड्या. पुढच्या वेळी त्यांची जागा नीट पाहून सांगतो.